तिन्ही लॅपटॉपवर '५' लिहिलंय, मग सतरा हजारांचा फरक कशाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, ती हॉस्टेलवर राहणार आहे आणि बजेट साठ हजार, फार तर दोन हजार इकडे-तिकडे. तुम्ही तीन लॅपटॉप काढून ठेवलेत. पहिला इंटेल आय५-१३३५यू, ८ जीबी रॅम, ₹४७,९९०. दुसरा रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, ₹४४,९९०. तिसरा 'गेमिंग' म्हणून विकला जाणारा आय५-१२४५०एच, ८ जीबी रॅम, सोबत आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ₹६१,९९०. एसएसडी तिन्हींना ५१२ जीबी. तिन्हींच्या नावात ५ आहे तर एवढा फरक का, आणि ज्यात रॅम दुप्पट तोच सगळ्यात स्वस्त कसा, हे तुम्हाला कळत नाहीये.

दुसरा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर पकडलात. ज्या आकड्याकडे गिऱ्हाईक बघतं तो आकडा मोठा ठेवायचा आणि ज्याकडे बघत नाही तिथे पैसे वाचवायचे, अशी ही सगळी बांधणी असते. म्हणून 'तिघांपैकी कोणता' हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी तिन्ही एका पातळीवर आणायला हवेत. लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात: एसएसडी, स्लॉटमधली रॅम, थोडा खर्च करून बॅटरी. काही जन्मभर तशाच राहतात: प्रोसेसर, मदरबोर्डवर सोल्डर केलेली (कायमची जोडून टाकलेली) रॅम, थंड ठेवण्याची व्यवस्था, बॉडी आणि व्यवहारात स्क्रीनसुद्धा, कारण नवीन पॅनल आणि मजुरी मिळून खर्च परवडत नाही. पैसे या दुसऱ्या प्रकारावर घालायचे आणि घासाघीस पहिल्यावर करायची. जाहिरातीत नेमकं उलटं असतं. ५१२ जीबी मोठ्या अक्षरात आणि स्क्रीनचा उजेड कुठेच नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलगी मेकॅनिकल किंवा सिव्हिलला असती तर सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड असणं चांगलं, आणि ही दोन्ही मॅकवर थेट चालत नाहीत, हेही सांगितलं असतं. कॉम्प्युटर शाखेला ती अडचण नाही. तिला गेम खेळायचे आहेत का, घरी जुना लॅपटॉप आहे का, तुमचा जीएसटी क्रमांक आहे का, यांनीही उत्तर थोडं सरकतं. ते त्या त्या ठिकाणी बोलू.

आता प्रोसेसर. नावातला '५' हा कंपनीने स्वतःच लावलेला वर्ग आहे, त्यावरून वेग कळत नाही. पुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर वाचायचं. इंटेलच्या १३३५यू मध्ये पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचं अक्षर विजेचं माप. 'यू' म्हणजे मूळ हिशेब १५ वॅटचा, 'एच' म्हणजे ४५ वॅटचा. १३३५यू मध्ये १० कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, पण त्यातले २ मोठे आणि ८ छोटे. १२४५०एच मध्ये ८ कोअर, त्यातले ४ मोठे आणि ४ छोटे. थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं, दोन्हीत १२. दुकानात '१० कोअर आहेत साहेब, नवीन पिढी आहे' म्हणून पहिला पुढे केला जाईल. ब्राउझर, वर्ड, छोटे प्रोग्राम यांत दोघांत फरक जाणवणार नाही. मोठा प्रोजेक्ट दहा मिनिटं सलग बिल्ड होत असेल, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनत असेल, तेव्हा मात्र चार मोठे कोअर आणि जास्त वीज पुढे निघते. त्या बदल्यात 'एच'वाला गरम होतो, पंखा ऐकू येतो आणि बॅटरी लवकर संपते.

एएमडीचं वाचन वेगळं आहे. ७५२०यू मधला ७ म्हणजे २०२३ च्या मालिकेतला, ५ म्हणजे वर्ग, आणि तिसरा आकडा २ म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ मध्ये आलेली आहे. नवं नाव, जुनं इंजिन. त्यात ४ कोअर, ८ थ्रेड आणि प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्सही अगदी जेमतेम. शेजारचा ७५३०यू घ्या: एका आकड्याचा फरक, पण आत झेन ३, ६ कोअर, १२ थ्रेड. ७५३५एचएस मध्ये झेन ३+, तेच ६ कोअर आणि जास्त वीज. यादीत हे तिन्ही 'रायझन ५ ७००० सिरीज' या एकाच नावाखाली दिसतात. म्हणजे तुमचा दुसरा लॅपटॉप स्वस्त आहे तो इथे. रॅम १६ दिली, पण ती ज्याच्या जोरावर पळायची तो प्रोसेसर तिघांत सगळ्यात कमकुवत. शिवाय या चिपला एलपीडीडीआर५ रॅम लागते, ती बोर्डवर सोल्डरच येते. आज १६ आहे, चौथ्या वर्षीही १६च राहणार.

इंटेलच्या नव्या नावांतही हा घोळ आहे. 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५एच' कानाला सारखे वाटतात. पहिल्यात जुन्याच ठेवणीचे २ मोठे आणि ८ छोटे कोअर, दुसऱ्यात एकूण १४ कोअर, १८ थ्रेड आणि बरंच चांगलं ग्राफिक्स. मध्ये 'अल्ट्रा' आहे की नाही ते बघायचं. नावात 'एन' असलेला आय३-एन३०५ सारखा प्रोसेसर दिसला तर त्यात सगळेच कोअर छोटे असतात, एवढं लक्षात ठेवा. शंका आली की इंटेल आणि एएमडीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण नाव टाका, मोठे-छोटे कोअर आणि वॅट तिथे स्पष्ट दिलेले असतात.

रॅमवर जरा थांबू, कारण पहिल्या लॅपटॉपचा निकाल इथेच लागतो. विंडोज ११ नुसतं सुरू असताना साधारण ३-४ जीबी खातं. आतलं ग्राफिक्स स्वतःसाठी काही भाग राखून ठेवतं. ब्राउझरच्या पंधरा टॅब, व्हीएस कोड आणि एक ऑनलाइन मीटिंग एवढ्यातच ८ जीबी भरतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ येतं, त्यातला एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) चालवायचा तर त्याला १६ जीबी लागतातच. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, लिनक्स चालवलं की त्याला वेगळे २ ते ४ जीबी. तेव्हा १६ जीबी आज नाही तर उद्या लागणारच. प्रश्न एवढाच की ते कसे आणि कितीत होतील.

८ जीबीवाल्या लॅपटॉपमध्ये तीन शक्यता असतात. पहिली: दोन स्लॉट, एकात ८ ची स्टिक, दुसरा रिकामा. उत्तम. दुसरी: ८ जीबी बोर्डवर सोल्डर आणि एक स्लॉट रिकामा. हेही चांगलं. त्यात ८ ची स्टिक टाकली की दोन्ही मिळून जोडीने, म्हणजे ड्युअल चॅनलमध्ये चालतात. १६ ची टाकली तर एकूण २४ होतात, त्यातले १६ जोडीने चालतात आणि उरलेले ८ एकटे. तिसरी: स्लॉट एकच आणि त्यातच ८ ची स्टिक बसवलेली. इथे आहे ती काढून १६ ची नवी घ्यावी लागते आणि तुम्ही पैसे मोजलेली ८ ची स्टिक कपाटात जाते. सगळीच रॅम सोल्डर असेल तर बोलायलाच नको.

१३३५यू च्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. त्याच्या माहितीपत्रकात 'आयरिस एक्सई' ग्राफिक्स लिहिलेलं असतं. पण रॅम एकाच चॅनलवर असेल तर विंडोजमध्ये तेच ग्राफिक्स 'यूएचडी' नावाने दिसतं. फसवणूक नाही, इंटेलची अटच तशी आहे की आयरिस एक्सई म्हणवून घ्यायला रॅम दोन चॅनलवर हवी. दुसरी स्टिक टाकली की नाव बदलतं आणि ग्राफिक्सचा वेगही खरोखर वाढतो. सोल्डर रॅम नाही आणि स्लॉट एकच, अशा बोर्डवर ते कधीच होत नाही, १६ ची स्टिक टाकूनही.

स्लॉट कसे ओळखायचे? दुकानात चालू डेमो पीस असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. 'स्लॉट्स यूज्ड' समोर २ पैकी १ असं काहीतरी दिसेल. 'फॉर्म फॅक्टर' समोर एसओडीआयएमएम असेल तर स्टिक आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर. कधीकधी विंडोज सोल्डर रॅमलाही स्लॉट म्हणून मोजतं, म्हणून यावर एकट्यावर विसंबू नका. लेनोवोचं पीएसआरईएफ नावाचं खुलं संकेतस्थळ आहे, त्यावर प्रत्येक मॉडेलचे स्लॉट, कमाल रॅम, पॅनलचा उजेड, बॅटरी सगळं दिलेलं असतं. एचपी आणि डेल दुरुस्तीची मार्गदर्शिका पीडीएफमध्ये देतात, तिच्यात उघडलेल्या लॅपटॉपची चित्रं असतात आणि स्लॉट डोळ्यांनी दिसतो. रॅम घेताना डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाचच वेगळी असते. वेग कमी-जास्त असलेल्या दोन स्टिक बसवल्या तर दोन्ही कमी वेगावर चालतात.

स्क्रीनकडे दुर्लक्ष करू नका, मुलगी रोज सहा-आठ तास त्याच्याकडेच बघणार आहे. 'फुल एचडी अँटी-ग्लेअर' हे सगळेच लिहितात. बघायचे दोन आकडे: उजेड किती निट्स (हे उजेडाचं माप) आणि रंग किती टक्के (एनटीएससी किंवा एसआरजीबी या ठरावीक रंगपट्ट्यांच्या तुलनेत). स्वस्त पॅनल २५० निट्स आणि ४५% एनटीएससी असतं. ४५% एनटीएससी म्हणजे साधारण ६२% एसआरजीबी, त्यामुळे लाल रंग विटकरी दिसतो आणि गडद थीममध्ये राखाडीच्या दोन छटा एकमेकीत मिसळतात. १००% एसआरजीबी किंवा ७२% एनटीएससी लिहिलेलं असेल तर ते चांगलं पॅनल, दोन्हीचा अर्थ जवळपास एकच. ३०० निट्स असले की दिवसा खिडकीपाशी बसून काम करता येतं, २५० मध्ये पडदा ओढावा लागतो. दुकानातल्या दिव्यांखाली हा फरक कळत नाही. डेमो पीस दारापाशी नेऊ द्या म्हणा, ब्राइटनेस पूर्ण करा आणि पांढरं पान उघडा. मग वरून आणि खालून तिरकं बघा. रंग उलटे व्हायला लागले तर ते टीएन या स्वस्त प्रकारचं पॅनल आहे, सोडून द्या. १९२०×१२०० चं पॅनल मिळालं तर १०८० पेक्षा उंचीला १२० पिक्सेल जास्त मिळतात, म्हणजे कोडच्या सहाएक ओळी. ऐकायला कमी वाटतं, पण वापरताना सुख आहे.

ग्राफिक्स कार्डाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कॉम्प्युटर शाखेच्या अभ्यासक्रमासाठी ते लागत नाही. 'मशीन लर्निंगला लागेल' हे कारण सांगून बरेच जण पंधरा हजार जास्त घालतात. एनव्हिडियाचं कार्ड त्या कामाला उपयोगी आहे हे खरं, पण ४ किंवा ६ जीबी मेमरीचं कार्ड लवकरच अपुरं पडतं आणि गूगल कोलॅबवर १६ जीबीचं टी४ कार्ड मर्यादित वेळ फुकट वापरता येतं. गेम खेळायचे असतील तर गोष्ट वेगळी, आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते उघड धरून हिशेब करा. तेव्हा कार्डाच्या नावाबरोबर वॅट विचारा. आरटीएक्स ४०५० हेच कार्ड ३५ ते ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवलेलं असू शकतं आणि कमी वॅटचं ४०५० कामगिरीत खालच्या पायरीवर येतं. आरटीएक्स ३०५० सुद्धा ४ आणि ६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं, तुमच्या यादीत कोणतं ते लिहिलेलं नाही. आरटीएक्स २०५० मात्र टाळा.

गेमिंग लॅपटॉपची दुसरी किंमत खांद्यावर पडते. साधारण २.३ किलो लॅपटॉप आणि वर अर्ध्या किलोच्या घरातला चार्जर. पीएमपीएमएलच्या बसमध्ये किंवा दुचाकीवर रोज हे न्यायचं असेल तर विचार करा. साधा १५ इंची लॅपटॉप १.६ ते १.७ किलोत येतो. बॅटरीचा 'दहा तास' हा दावा वाचूच नका, वॅट-तास बघा. कोडिंग आणि वाचनाला लॅपटॉप सरासरी ८ वॅट घेतो असं धरलं तर ४२ वॅट-तासांत पाच तास निघतात, ५७ मध्ये सात. दोन वर्षांनी त्यातले थोडे कमी करा. टाइप-सी ने चार्ज होतो का तेही विचारा, हॉस्टेलवर एका ६५ वॅटच्या चार्जरमध्ये फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात. टाइप-सी चं भोक आहे म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही, काहींत ते फक्त डेटासाठी असतं.

बॉडीबद्दल एकच गोष्ट, पण नीट बघा: बिजागरी. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेल्या छोट्या पितळी नळ्यांत बसतात. बिजागरी घट्ट, प्लास्टिक पातळ आणि स्क्रीन रोज एकाच कोपऱ्याला धरून उचलली जाते. दीड-दोन वर्षांत त्या नळ्यांभोवतीचं प्लास्टिक तडकतं, नळी उखडून येते आणि उघडताना खालच्या कडेची शिवण फाकते. दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये हे नेहमीचं दुखणं आहे, आणि वॉरंटीत ते बरेचदा 'फिजिकल डॅमेज' म्हणून नाकारलं जातं. डेमो पीसची स्क्रीन कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. तळाचा भाग उचलला जात असेल, कडेला कुरकुर होत असेल किंवा कीबोर्डचा मधला भाग बोटाने दाबल्यावर खाली बसत असेल, तर दुसरं मॉडेल बघा. मुलीलाही सांगून ठेवा, स्क्रीन नेहमी मधोमध धरून उघडायची.

एसएसडीचं थोडक्यात. ५१२ जीबी पुरते, विंडोजमध्ये ती ४७६ च्या आसपास दिसते, घाबरू नका. एनव्हीएमई (वेगवान प्रकार) असली पाहिजे, ईएमएमसी (हळू, स्वस्त साठवण) नको. जेन ३ की जेन ४ हा एसएसडीच्या वेगाच्या पिढीचा वाद विद्यार्थ्याच्या कामात जाणवत नाही. दुसरी एसएसडी बसवायची एम.२ जागा रिकामी असेल तर बोनस.

आता किंमत. एक तक्ता करा आणि त्यात पहिला रकाना पूर्ण मॉडेल क्रमांकाचा ठेवा, मालिकेच्या नावाचा नव्हे. एकाच मालिकेच्या नावाखाली दहा वेगळी मॉडेलं असतात, पॅनल आणि बॅटरी बदललेली. ऑनलाइन स्वस्त आणि दुकानात महाग दिसणारा 'तोच लॅपटॉप' पुष्कळदा तोच नसतो, शेवटची अक्षरं ताडून बघा. मग प्रत्येकाला आपल्या गरजेच्या पातळीवर, म्हणजे १६ जीबीवर आणा. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून बरेच चढले आहेत आणि आठवड्यागणिक हलतात, म्हणून खरा भाव त्या दिवशी विचारा. इथे नुसत्या हिशेबापुरती ८ ची स्टिक ₹५,००० आणि १६ ची ₹९,००० धरतो.

पहिला लॅपटॉप: स्लॉट रिकामा असेल तर ४७,९९० अधिक ५,००० म्हणजे ₹५२,९९०. एकच स्लॉट असेल तर ४७,९९० अधिक ९,०००, ₹५६,९९०, आणि ग्राफिक्स तरीही यूएचडीच. दुसरा: वर काहीच नाही, ₹४४,९९०, कारण काही करताच येत नाही. तिसरा: ६१,९९० अधिक ५,०००, ₹६६,९९०, तुमच्या बजेटच्या बाहेर. पहिल्यातलाच चार हजारांचा फरक बघा, तो एका स्लॉटचा आहे आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. रॅम चढी आहे तोवर आतच १६ जीबी असलेला लॅपटॉप बऱ्याचदा स्वस्त पडतो, कारण कंपनीने तो जुन्या भावाच्या साठ्यातून बांधलेला असू शकतो. 'कमी रॅमचा घ्या, नंतर वाढवा' हा एरवीचा चांगला सल्ला सध्या तपासूनच मानायचा.

मग ऑफर. शेजारी तारा (*) असलेली किंमत बहुतेक वेळा ठरावीक बँकेचं कार्ड आणि जुना लॅपटॉप एक्स्चेंज दोन्ही धरून असते. ते कार्ड घरात नसेल तर ती किंमत तुमच्यासाठी नाही. नो-कॉस्ट ईएमआय पूर्ण फुकट नसतो. साठ हजारांवर सहा महिने, बँकेचा दर १६% असेल तर व्याज साधारण ₹२,७०० होतं. विक्रेता तेवढी सूट आधीच देतो म्हणून ते तुम्हाला दिसत नाही, पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी, म्हणजे ₹४९० च्या आसपास, तुमच्याकडून जातो. प्रोसेसिंग फी ₹१९९ असेल तर करासह ₹२३५. एकूण सव्वासातशे. मोठी रक्कम नाही, पण रोख घेतल्यावर दुकानदार दोन हजार सोडत असेल तर तुलना तिथे करायची. तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल आणि लॅपटॉप व्यवसायासाठी घेत असाल तरच कराची वजावट मिळते. उदाहरणार्थ, ₹५९,९९० च्या लॅपटॉपमध्ये कर ₹९,१५१ आहे. मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेल्या लॅपटॉपवर ती वजावट दाखवू नका.

एमआरपीवर '३५% सूट' याला अर्थ नाही. कीपा किंवा बायहटके यांसारख्या साधनांत मॉडेलच्या मागच्या काही महिन्यांच्या किमतीचा आलेख दिसतो, तोच खरा भाव. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये भाव उतरतो असा अनुभव आहे. प्रवेशाच्या फेऱ्या संपता संपता कंपन्यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ऑफरही सुरू असतात, त्यात बॅग-माउसऐवजी वाढीव वॉरंटी मिळत असेल तर ती घ्या. पहिल्या सेमिस्टरला सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्राम असतात, ते जुन्या लॅपटॉपवरही होतात. घरी तसा एखादा असेल तर थांबता येईल. नसेल तर थांबू नका, रॅम अशीच चढती राहिली तर सेलमधली सूट तिथेच जिरते.

वॉरंटीत ऑन-साइट आणि कॅरी-इन यांतला फरक विचारा. हॉस्टेलवरच्या मुलीसाठी तंत्रज्ञ येऊन दुरुस्त करणं फार सोयीचं. तीन वर्षांच्या वॉरंटीतही बॅटरी बरेचदा एकच वर्ष धरलेली असते. पाणी सांडणं, पडणं यासाठी वेगळं संरक्षण असतं, पुण्यातला पावसाळा आणि हॉस्टेलचा चहा बघता ते पहिल्या दोन वर्षांसाठी घेण्यासारखं आहे. बहुतेक वेळा ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येतं.

कोणी तुम्हाला हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकलेले) थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड लॅपटॉप सुचवतील. बांधा खरोखर चांगला असतो. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, तेव्हा त्याहून जुना घेऊ नका. पैसे देण्याआधी तुमच्यासमोर विंडोज रिसेट करायला सांगा. सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा लॉगिन मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्यांच्या यंत्रणेत नोंदलेला आहे. कितीही स्वस्त असला तरी परत द्या. बायॉसला (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना तेही बघा.

तुमच्या तिघांवर माझा निकाल असा. दुसरा यादीतून काढा. चार वर्षं वापरायच्या यंत्रात ४ कोअर झेन २ साठी ४५ हजार देणं पटत नाही. तिसरा गेमसाठी घेत असाल आणि बजेट सदुसष्ट हजारांपर्यंत नेता येत असेल तरच. पहिला चालेल, पण रिकामा रॅम स्लॉट असेल आणि स्क्रीन निदान ३०० निट्सची असेल तर. याहून बरं, ५२ ते ६० हजारांत चौथा पर्याय शोधा: आय५-१३४२०एच किंवा रायझन ५ ७५३५एचएस, आतच १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ५० वॅट-तासांच्या पुढची बॅटरी. यात १००% एसआरजीबी पॅनल मिळालं तर हजार-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही. बजेट दाबायचं झालं तर ७५३०यू वरही अभ्यास नीट होतो.

घेताना बिल मुलीच्या किंवा तुमच्या नावाचं, त्यावर सीरियल नंबर छापलेला. बिनबिलाचा भाव कितीही गोड लागला तरी नको. ऑनलाइन घेतला तर ओपन-बॉक्स डिलिव्हरी निवडा, नाहीतर खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा. तारीख महिनाभर जुनी असेल तर बिल दाखवून ती लगेच दुरुस्त करून घ्या, दोन वर्षांनी कोणी ऐकत नाही. पांढरी, काळी आणि लाल स्क्रीन पूर्ण भरून मेलेले पिक्सेल तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये एसएसडी किती तास चालली ते दिसतं, नव्या लॅपटॉपमध्ये ते एक आकडी किंवा जेमतेम दोन आकडी असायला हवं. शेकड्यांत असेल तर तो डेमो पीस आहे. बरोबर ऑफिस दिलेलं असेल तर ते कायमचं आहे की वर्षभराचं, हे वाचा आणि लगेच सक्रिय करा. बदलून मिळण्याची मुदत बहुतेक ठिकाणी काही दिवसांचीच असते, म्हणून हे सगळं पहिल्या संध्याकाळीच उरका.

पहिल्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक तळाच्या स्टिकरवर किंवा ऑनलाइन पानाच्या 'स्पेसिफिकेशन'मध्ये मिळेल. तो कळवलात तर रिकामा रॅम स्लॉट आहे की नाही, हे बघून सांगता येईल.